वाक्यात उपयोग करा

हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनचा नंबर शोधत होते,
तर दादांच्या फायलीत, जुन्या रेशनकार्डाखाली,
प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर,
आत टाइप केलेलं इंग्रजी पत्र.
मार्च एकाहत्तर. डी. एल. भालसिंग, टर्नर.
खाली वर्क्स मॅनेजर अय्यंगार यांची निळी सही.

"ते राहू दे," दादा म्हणाले. "मेमो आहे तो."

मी शिवाजीनगर कोर्टासमोर बसून
लोकांची कागदपत्रं मराठीत आणते, पानाला दीडशे रुपये.
मेमो कसा असतो मला ठाऊक आहे.
मेमोत कुणी लिहीत नाही,
'आपण स्वतःहून बनवलेल्या जिगमुळे.'
तिसऱ्या ओळीत तो शब्द होता.
अप्रोबेशन.

दादा सातवी पास. इंग्रजी ड्रॉइंगपुरतं,
डाया, रेडियस, टॉलरन्स,
आणि प्रोबेशन. तो नेमणुकीच्या पत्रातच होता.
सहा महिने तो खिशात घालून
दापोडीहून पिंपरीला सायकल मारली, पहिल्या पाळीला.
सहा महिने भरत आले, आणि हे पत्र.
पुन्हा तोच शब्द, पुढे दोन अक्षरं जास्तीची.
जास्तीचं म्हणजे वाढवलेलं.
हिशेब सरळ होता.

आईने विचारलं होतं, पेढे आणू का?
"इतक्यात नको."
पुढल्या वर्षी कायम झाले, तेव्हाही आणले नाहीत.
साहेबाला आपल्यात काहीतरी खोट दिसली होती,
हे कुसळ तेहेतीस वर्षं बनियनमध्ये राहिलं.
एकदा घेतलेलं माप दोनदा. दोनदा घेतलेलं तिसऱ्यांदा.
थाऊ इकडे नाही, थाऊ तिकडे नाही.
माझी दहावीची गुणपत्रिकासुद्धा
उजेडाकडे धरून पाहिली त्यांनी,
आणि काही न बोलता परत दिली.
आई गेली. पेढ्यांचं राहिलंच.

शब्दकोश काढायची गरज नव्हती, तरी काढला.
प्रशंसा, पसंती, वाखाणणी,
पण वरच्याने केलेली, शिक्क्यासकट.
जेवून उठताना आमटीबद्दल कुणी हा शब्द वापरत नाही.
आणि खाली बारीक टाइपात,
दोघांचं मूळ एकच, लॅटिन. पारखणे.
म्हणजे दादा अगदीच चुकले नव्हते.
एकात पारख चालू असते,
दुसऱ्यात संपलेली.

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले,
मग मास्तरांसारखे म्हणाले,
"वाक्यात उपयोग करून दाखव."
"दादांना साहेबांकडून अप्रोबेशन मिळाली."
"मिळाली? का मिळालं?"
मला सांगता येईना.
मराठीत त्याला अजून कुणी लिंग दिलेलं नाही.

पत्र हातभर लांब धरून
त्यांनी ती दोन अक्षरं अंगठ्याने झाकली,
मग अंगठा काढला. परत झाकली.
"त्या जिगमध्ये," बऱ्याच वेळाने म्हणाले,
"अर्धा थाऊ फरक होता.
अय्यंगारांना दिसला नाही."

दुसऱ्या दिवशी बँकेत मशीनने अंगठा घेतला नाही.
लेथने रेषा कधीच खाल्ल्यात.
'पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा.
तर्जनी, मधलं बोट, डाव्या हाताची करंगळी.
करंगळीने मान्य केलं की माणूस जिवंत आहे.

तेव्हा दादांनी पिशवीतून पुडा काढला,
कधी घेतला मला कळलंही नव्हतं,
आणि काउंटरवरच्या मुलीपुढे धरला.
"कसले पेढे, आजोबा?"
दादांनी माझ्याकडे बोट केलं.
"हिला विचारा. कागद ही वाचते.
चांगलं वाचते."